गाडी सुरू होत नव्हती ती दुपार

लग्नानंतर आमचं बिऱ्हाड डोंबिवलीला, कारखान्यांच्या वसाहतीला लागून असलेल्या एका इमारतीत होतं. वासांची आम्हाला सवय झालेली. कधी कुजक्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा. खिडक्या लावायच्या आणि आपल्या कामाला लागायचं. पण त्या दुपारी मी भांडी विसळत असताना जो वास आला, तो नाकात रेंगाळलाच नाही. सरळ घशाला चावला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आतल्या खोलीतून सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज आला.

सासूबाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. एरवी त्यांचा नुसता आवाज ऐकून जिन्यातली मुलं गप्प व्हायची. पण दमा होता. भिंतीला धरून त्या बाहेर आल्या, म्हणाल्या, "अगं, खिडक्या..." आणि पुढचं वाक्य श्वासातच अडकलं. पंप मारून पाहिला. थोडा वेळ बरं वाटलं, मग पुन्हा छातीत शिट्टी वाजायला लागली.

खाली रस्त्यावर लोक पळत होते. कुणीतरी ओरडलं, "गॅस सुटलाय! कल्याणच्या बाजूला निघा!" नवरा मुंबईला ऑफिसात. मोबाइल तेव्हा नव्हते. मजल्यावर फोन होता तो शेजाऱ्यांकडे, आणि त्यांच्या दाराला कुलूप. स्कूटर घेऊन ते कधीच निघून गेलेले. मी सासूबाईंना ओला पंचा नाकाशी धरायला दिला, हाताला धरून एकेक पायरी करत खाली आणलं आणि रिक्षा बघायला रस्त्यावर धावले. रिक्षा येत होत्या, पण माणसांनी लगडलेल्या. एकही थांबेना.

नवऱ्याची मोटारसायकल खालीच उभी होती. मी वर धावत जाऊन किल्ली आणली.

"आई, मी गाडी काढते. तुम्ही मागे बसा."

"कुठली गाडी?"

"ह्यांची."

"तुला येते?"

"येते."

रविवारी सकाळी कारखान्यांचे रस्ते रिकामे असतात, तिथे नवऱ्याने मला शिकवलेलं. घरात आम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्या वेळी आई फक्त मान हलवून पायरीवर बसल्या.

मी पेट्रोलचा कॉक उघडला, चोक ओढला आणि किक मारली. काही नाही. परत मारली. सकाळी थंडीत नवरा चोक ओढून एका किकमध्ये सुरू करायचा, मी गॅलरीतून बघितलेलं होतं. मी मारतच राहिले. साडीचा काठ किकमध्ये अडकला, मी तो वर खोचला. चपलेचा अंगठा तुटला, चप्पल फेकून दिली. घाबरलेल्या माणसाला एकच गोष्ट सुचते, ती जोरात करायची.

टाकी हलवून पाहिली. पेट्रोल डुचमळत होतं. म्हणजे तो प्रश्न नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की मी नुसती किक मारत बसले आणि चोक तसाच ओढलेला आहे. इंजिनात जास्त पेट्रोल गेलं असणार. एरवी ते वासावरून कळतं. त्या दिवशी कुठलाच वास वेगळा कळत नव्हता. सगळी हवाच जळजळीत होती.

"काय झालं गं?" आईंनी पंच्याआडून विचारलं.

"होईल सुरू. तुम्ही बोलू नका."

त्यांना असं सांगणारी मी पहिलीच असेन.

सीटखालचा पाना काढून मी प्लग उघडला. ओलाचिंब. पदराने पुसला, फुंकर मारली. नवऱ्याने दाखवलेलं, की प्लग बाहेरच टोपीत घालून इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची, म्हणजे ठिणगी पडते का ते दिसतं. मी तो टेकवला आणि माझा पाय तिथेच थांबला. ठिणगी? ह्या हवेत? कुठला गॅस आहे, तो पेट घेतो की नाही, मला काय माहीत! मी प्लग काढून घेतला. ठिणगी न बघताच पुढे जायचं ठरवलं. पेट्रोल बंद केलं, प्लगची टोपी लांब धरून आतलं पेट्रोल उडून जावं म्हणून काही किका मारल्या, मग प्लग घट्ट बसवला. पेट्रोल चालू केलं. चोक अजिबात नाही.

गाडी एकदा फुरफुरली आणि बंद पडली. पुढच्या किकला तेवढंही नाही.

मागे वळून पाहिलं तर आईंचे ओठ निळसर दिसत होते. खांदे वरखाली होत होते. मला रडू फुटलं.

"गारी चालू होत नाय का गो?"

फाटकात आमच्या गल्लीत मासळी घेऊन येणारी खाडीकाठची कोळीण उभी होती. आमच्या घरात मासळी शिजत नसे, त्यामुळे तिच्याशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. तिने पाटी खाली ठेवली, तोंडाला पदर गुंडाळला.

"बस तू. मी धकलतंय."

मी दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला. ती मागून अशी रेटायला लागली की हँडल सांभाळता सांभाळता माझी तारांबळ झाली. फाटकाबाहेर जरा उतार होता. वेग आल्यावर मी क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला, आचके दिले, आणि मग धाडकन सुरू झाली. मागे पांढऱ्या धुराचा लोट. मी रेस कमी करायची हिंमत केली नाही. तशीच वळवून आणली. कोळणीने आईंना काखेत धरून उठवलं आणि मागे बसवलं.

"तूही बस," मी म्हटलं. "आम्ही दोघी पुढे सरकतो."

"माजी बहीन पल्यारच्या गल्लीन हाय. तिला टाकून कशी येऊ? जा तू, जा!"

मी निघाले. शीळ रस्त्याला लागून कल्याणकडे. समोरून बंब येत होते, लोक डोक्यावर ओले टॉवेल घेऊन चालत होते. आईंचा हात माझ्या कमरेला आणि श्वासाची शिट्टी कानाशी. शिट्टी चालू होती तोवर मला धीर होता. एका चौकात गाड्या तुंबल्या आणि हॉर्नच्या गोंगाटात ती ऐकू येईना. "आई!" मी ओरडले. उत्तर नाही. "आई!" त्यांनी माझ्या पोटाला चिमटा काढला. बोलायची ताकद नव्हती, पण चिमटा असा कचकचीत होता की मला हसू आणि रडू दोन्ही आलं.

रस्त्यात दिसलेल्या पहिल्या दवाखान्यात मी गाडी घातली. त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग परत आला. मी नणंदेकडे कल्याणला निरोप धाडला होता. नवरा कुलूपबंद घर बघून, वेड्यासारखा फिरून शेवटी तिच्याकडे पोचला आणि तिथून दवाखान्यात आला. आईंनी त्याला बघून मास्क बाजूला केला आणि म्हणाल्या, "हिने आणलं मला." मास्क परत लावून त्यांनी डोळे मिटले.

मला मात्र रात्रभर त्या कोळणीची काळजी. घरी परतलो तेव्हा फाटकाशी तिची पाटी नव्हती. रोज दुपारी मी गॅलरीत उभी राहायचे. गल्लीत दुसऱ्या बायका यायच्या, ती नाही. मग एका सकाळी तिची हाक ऐकू आली आणि मी तशीच अनवाणी खाली धावले. ती आणि तिची बहीण त्या दिवशी शेतातून खाडीकडे चालत गेलेल्या. बहिणीचे डोळे सुजलेले, म्हणून तिच्यासाठी ही इतके दिवस घरीच होती.

"सासू बरी हाय ना?" तिने विचारलं.

मी उत्तर देणार तेवढ्यात वरून आईंचाच आवाज आला, पूर्वीसारखा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, "अगं, तिला वर घेऊन ये. चहा टाकलाय."