'सा'वरची टिकली

वसंत पंचमीची दुपार. आमगावच्या घरी हजर: आई, माझी मोठी बहीण सुमनताई, गाणं शिकवणारे गुरुजी आणि मी. आज इथे फुलचूरला माझ्या घरी आरशावरच्या टिकल्या नखानं काढत होते आणि ती जुनी दुपार तशीच्या तशी समोर आली.

शाळेच्या गॅदरिंगला एकटीनं गायची संधी ताई सोडायला निघाली होती. "माझा आवाज वर चढत नाही," एवढंच तिचं म्हणणं. स्वरलिपीत अक्षराखाली टिंब म्हणजे खालचा स्वर, डोक्यावर टिंब म्हणजे वरचा. म्हणून गुरुजींनी वर एकही टिंब नसलेलं गाणं लिहून आणलं होतं. ताई कागद बघून गाऊ लागली आणि शेवटच्या ओळीत तिनं थेट वरचा सा लावला. स्वच्छ, न थरथरता.

गुरुजींची बोटं पेटीवर थांबली. "काऊन वो पोरी, वरचा सा कायले लावला?"

"टिंब आहे ना वर!"

आईनं मागून वाकून पाहिलं. "माही टिकली होय जी ते!" तोंड धुताना हाताशी आलेल्या कागदावर तिनं ती चिकटवली होती. आम्ही पोट धरून हसलो. आईनं टिकली परत कपाळावर लावली, पण ताईनं तो सा गॅदरिंगलाही वरच गायला.

तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली. आता वाटतं, वर जा असं ताईला तोवर कोणी लिहूनच दिलं नव्हतं. लग्नानंतर तिचं गाणं सुटलं. रविवारी आमच्या कॉलनीत गाण्याचा कार्यक्रम आहे, त्यात मी तिचं नाव घालून टाकलं आहे. तिला सांगायचं तेवढं राहिलंय.