अण्णांचा नेम

साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतले अण्णा, म्हणजे ते काम करणारा नट, आमच्या गावात आला होता. मालिकेत अण्णांची मुलगी रुसून गेली आहे आणि ती घरी येईपर्यंत गोड खायचं नाही, असा त्यांचा नेम आहे.

शेजारच्या कुसुमताईंनी घरचे पेढे नेले होते. मला दिला, दुकानदाराला दिला. नटानं हात पुढे केला, तसा त्यांनी डबा मागे घेतला. "तुम्हाला नाही अण्णा. पोर घरी येऊ दे आधी."

लोक हसले. मला मात्र हसू येईना. रोज संध्याकाळी ज्याच्या समोर बसून आपण जेवतो, त्याचा नेम आपल्या हातून मोडू नये असं वाटलं, तर त्यात वेडेपणा कसला? सख्ख्यांचे नेमसुद्धा आपण इतके सांभाळत नाही.

नटानं हात मागे घेतला. "बरं झालं, आठवण केलीत ताई," म्हणाला.

थोड्या वेळानं चहा आला. एक घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला आणि दुकानदाराला हळूच विचारलं, "बिनसाखरेचा मिळेल का?"

कुसुमताई तेव्हा घरी पोचल्याही असतील.