भोजनालयातली भाची

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरलोही. पण उज्जैनच्या टावर चौकाजवळच्या एका भोजनालयातली ती तेरा वर्षांची मुलगी अजून डोक्यातून जात नाही. केस सुटली, पण मला ती पुरती उमगली असं मी आजही म्हणणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. बाल-हेल्पलाइनवरून ठाण्यात खबर आली की तिथे एक लहान मुलगी दिवसभर भांडी घासते. रोजनामच्यात नोंद केली, साधे कपडे घातले आणि महिला आरक्षकाला, म्हणजे शिपाई बाईला, बरोबर घेऊन गेलो. मागच्या मोरीत मुलगी बसलेली, हात कोपरापर्यंत फेसात. मालक पन्नाशीचा, कपाळावर ठसठशीत गंध.

"भांजी है साहब, छुट्टियों में आई है," तो म्हणाला. "परमिट लगता हो तो बता दो, बनवा लेंगे."

असला परमिट कुठे मिळत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. श्रम निरीक्षकांना फोन लावला. आपलेच मराठी गृहस्थ. ते म्हणाले, "चौदाच्या आतलं मूल कामाला ठेवणं हा सरळ गुन्हा. चौदाच्या वर असेल तर धोक्याचं काम नको, रात्री काम नको, तासांची मर्यादा. पण घरच्यांच्या धंद्यात, शाळा सांभाळून, मुलाने हातभार लावला तर चालतं. आणि साहेब, घरच्यांत मामा धरतात."

"मामा? कायद्यात?"

"कायद्यात."

म्हणजे सगळी केस एका प्रश्नावर आली. मामा खरा असेल तर मुलगी त्याच्याकडेच राहणार. खोटा असेल तर त्याच्यावर गुन्हा आणि तिची रवानगी बालिकागृहात.

दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. गाव, आईचं नाव, दारातल्या गाईचा रंग, सगळं जुळलं. गावी तिच्या आईला फोन लावला, तर तीही म्हणाली, "म्हारो भई है." मी पार गोंधळलो. खबर खोटी, की ही तिघं खोटी? निघताना मुलीला म्हटलं, मामांचं ऐकत जा. तशी ती वाकून मालकाच्या पाया पडली. त्याने डोक्यावर हात ठेवला. आरक्षक तेव्हा बाहेर गर्दी हटवत होती, मी एकट्यानेच हे पाहिलं आणि माझं समाधान झालं. आमच्या मराठी घरी भाचरं मामाच्या पाया पडतातच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधव नगरातल्या घरी फाटकाशी पेपर वाचत होतो. शेजारचे वकील मूळचे माळव्याचे. त्यांच्या बहिणीची मुलगी रिक्षातून उतरली, सात-आठ वर्षांची, फ्रॉकातली, आणि हा चाळिशीचा माणूस रस्त्यात वाकून तिच्या पाया पडला. इकडे भाचीला देवीसारखी मानतात. मामा तिचे पाय धरतो, तिला उष्ट्या ताटाला हात लावू देत नाही. आमच्या चार पिढ्या या गावात गेल्या, मी हे लहानपणापासून बघतोय. आणि काल डोळ्यांदेखत नेमकं उलटं घडलं, ते मला गोड वाटलं होतं. माझाच मला राग आला.

चहा तसाच टाकला, आरक्षकाला बोलावून घेतलं आणि भोजनालय गाठलं. मुलीसमोरच मालकाला म्हटलं, "भांजी है ना? पैर छुओ उसके."

तो गुडघ्यावर हात टेकून खरंच वाकू लागला. मुलगीच दचकून मागे सरली.

"नहीं सेठजी, मेरे को पाप लगेगा."

मालक बाकड्यावर बसला तो उठेचना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बापाने आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं लग्न ठरवलं होतं. आईने गुपचूप तिला उज्जैनच्या नानाखेडा स्टँडला येणाऱ्या बसमध्ये बसवलं. भोजनालयात त्याच गावची एक बाई पोळ्या लाटायची, तिच्या ओळखीने मुलगी इथे आली. कुणी विचारलं तर मामा म्हण, हे आईनेच शिकवलेलं, आणि गाईच्या रंगापर्यंतचं सगळं त्या बाईने मालकाला सांगून ठेवलेलं. मालकाने आसरा दिला हे खरं, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तिला मोरीत बसवलं हेही खरं. रागवायचं कुणावर, हेच मला कळेना. शेवटी मालकावर गुन्हा नोंदवला. बापाला ठाण्यात बोलावून लग्न थांबवलं. कागदोपत्री काम चोख झालं.

पण मुलीला बालकल्याण समितीपुढे नेताना गाडीत तिने मला विचारलं, "सेठजी सच्ची के मामा होते, तो मैं वहीं रहती?"

"हाँ, रहती."

"और बर्तन?"

"वो घर का काम मानते हैं."

तिने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. पाण्याने बोटांची सालं निघाली होती. "पर बर्तन तो उतने ही होते, साहब."

समितीच्या कचेरीशी गाडी थांबली. आरक्षक तिला आत घेऊन गेली.

या केसने काय शिकवलं असं लोक विचारतात. त्या मुलीला द्यायचं उत्तर मला निवृत्तीनंतरही सापडलेलं नाही, मग शिकलो म्हणू तरी कशाला? एवढं मात्र झालं. आमची भाची पुण्याहून आली की मी वाकून तिच्या पाया पडतो. ती म्हणते, "मामा, काय हे, वेड लागलंय का तुला?" जेवण झालं की ती आपलं ताट उचलायला जाते. मी ते तिच्या हातातून काढून घेतो आणि स्वतः मोरीत नेऊन घासतो.