बी अधिक एक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. आजच का सांगतोय? मलाही नीटसं ठाऊक नाही.

गोंदियातल्या एका तंत्रनिकेतनात मी मायक्रोप्रोसेसर शिकवायचो. प्रोसेसरच्या आत आकडे ठेवायचे छोटे कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात — ए, बी, सी अशी त्यांची नावं. आपण लिहिलेल्या आज्ञा असेम्ब्लर नावाचं सॉफ्टवेअर मशीनच्या भाषेत आणतं, पण प्रोग्रॅम चालू होण्याआधी. कप्प्यात तेव्हा काय असेल, हे त्याला कुठून कळणार? म्हणून रजिस्टरच्या नावात एक मिळवू नका, एरर येईल, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. पुढच्या प्रोसेसरवर चौकटी कंसात अशी बेरीज चालते, कारण ती चालताना मशीन स्वतः करतं, एवढा एकच अपवाद. फार ऐटीत सांगायचो.

हेमलता जिल्ह्यातल्याच गोरेगावकडून एसटीनं यायची. बोलायची कमी. पण लॅबच्या कपाटात झेरॉक्स करून फायलीला लावलेली जुनी मॅन्युअलं होती, ती काढून वाचायची. मी ती कधी उघडली नव्हती — हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का?

प्रात्यक्षिक परीक्षेत, जुन्या आठ बिटांच्या प्रोसेसरवर, तिनं लिहिलं — बी अधिक एक. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या शेजारीच उभे होते. मी हसलो. हे चालूच शकत नाही म्हणालो. तिनं नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. एरर नव्हती, आणि उत्तर बरोबर होतं.

मी तासिका तत्त्वावरचा माणूस, दरवर्षी नव्यानं नेमणूक. परीक्षकांसमोर कसं म्हणू, की मला माहीत नाही? — मी म्हणालो, ही तयार फाइल हिनं शेजारणीकडून उचललीय. आणि मशीन बंद केलं. पुन्हा चालवून पाहिलं असतं तर अर्ध्या मिनिटात खरं-खोटं झालं असतं. म्हणूनच बंद केलं.

सगळे गेल्यावर मी ते मॅन्युअल काढलं. त्या असेम्ब्लरमध्ये रजिस्टरचं नाव म्हणजे नुसता क्रमांक — बी शून्य, सी एक. बी अधिक एक म्हणजे पुढचा कप्पा, सी. सरळ लिहिलं होतं, आणि कडेला तिच्या पेन्सिलची बारीक खूण. गुणपत्रिकेचं पाकीट अजून उघडंच होतं, माझ्यासमोर. मी त्याला डिंक लावला. मग फायलीतून ते पान काढलं आणि घडी करून खिशात घातलं.

दोन दिवसांनी ती आली. मी कपाटाची किल्ली दिली — होय, दिली. तिनं मॅन्युअलची पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. किल्ली टेबलावर ठेवून गेली. नकलेच्या ठपक्यानं तिचा पदवीचा प्रवेश हुकला. पण मला जास्त सलतं ते दुसरंच. नक्कल केली नाही, हे तिला माहीत होतं. आपण वाचलं ते खरंच वाचलं का, याचा भरवसा मात्र मी तिच्याकडून काढून घेतला. कुठल्या तोंडानं मी त्यानंतर शिकवत राहिलो?

बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचे कागद घेऊन कुडव्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात शिरलो, तर काउंटरमागे ती. तिनं ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. कागद मशीनमध्ये लावता लावता म्हणाली, "सर, एक विचारू? माह्या मनातून जातच नाही. ते चूक होतं, तं मंग मशीननं काऊन घेतलं?"

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. पान माझ्या घरी आहे, कपाटात, अजून. एक वाक्य बोलायचं होतं.

"जुनी मशीनं ती," मी म्हणालो. "कधीकधी चुकीचंही घेतात."

तिनं मान हलवली. "मंग माहंच चुकलं असन," म्हणाली, आणि माझ्या मुलीचे कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून स्टेपल करून माझ्या हातात दिले.