मार्गारेटचं आडनाव

मी शिवराज. नवी पेठेत एका कापडाच्या दुकानावर माझं छोटं ऑफिस आहे. अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंड सोडून अमेरिकेत गेलेल्या लोकांचे जुने कागद तिकडच्या एका कंपनीकडून स्कॅन होऊन आमच्याकडे येतात. चर्चच्या वह्या, जमिनीचे दस्त, काय काय. आम्ही वाचून नावं टाईप करायची, म्हणजे आपले पूर्वज शोधणाऱ्या तिकडच्या लोकांना ती कॉम्प्युटरवर सापडतात.

आमच्यात सगळ्यात तरबेज सोनाली. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची पोर. वाळवी लागलेल्या कागदावरचं अक्षरही भराभर वाचायची. एकदा म्हणाली, "सर, हितं नवरा कॅम्बेल आणि बायको मार्गारेट मॅक्लाउड. सगळ्याच बायकांची आडनावं येगळी हायत. तशीच ठेवू की?"

माझं डोकंच सटकलं. "लग्न झालेली बाई माहेरचं आडनाव लावती व्हय? कारकुनानं घाण करून ठेवलीय. नवऱ्याचं टाक आणि पुढं चल!"

तिनं कॅम्बेल टाकलं. शेकडो बायकांना आम्ही नवऱ्याची आडनावं चिकटवली.

यंदा मार्चमध्ये तक्रार आली. ऐंशी वर्षांच्या एक अमेरिकन आजीबाई चार वर्षं मार्गारेट मॅक्लाउडला शोधत होत्या. ती कुठल्या घरातली, एवढंच त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं. आणि आमच्या यादीत ती कॅम्बेल! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या स्कॉटिश बाया लग्नानंतरही माहेरचंच नाव लावायच्या.

कंपनीच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "हे कुणी केलं?" सोनाली माझ्या शेजारीच बसलेली. आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, म्हणालो, "खेड्यातली पोरगी आहे, तिला समजलं नाही."

"तिला काढा," ते म्हणाले. मी काढलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, डबा उचलला आणि निघून गेली. सांगायची लाज वाटते, त्या दुपारी मी नेहमीसारखा पोटभर जेवलो.

पण नंतर आरशात तोंड बघायची चोरी झाली. तिची खुर्ची दिसली की मान खाली जायची. महिन्यानं कंपनीला लिहिलं, हुकूम माझाच होता, पोरीनं मला आधीच सांगितलं होतं. त्यांनी मला झाडलं आणि तिला परत घ्यायला सांगितलं. मी माफीचं आणि नेमणुकीचं पत्र छापून तिच्या घरी गेलो.

तिच्या नवऱ्यानं, बिरुदेवनं, चहा ठेवला. तिनं पत्र वाचलं.

"सर, खरं सांगितलंत, लई बरं झालं. पण ही सोनाली मेटकरी कोण?"

"अगं, तूच की!"

"मी बंडगर. मेटकरी ह्यांचं आडनाव. आधारवर, अर्जावर, सगळीकडं तेच हाय. ह्यांनी बी कधी बदल म्हटलं न्हाय. लग्न करून परत कामावर आले तवा हजेरीत तुमीच मेटकरी करून टाकलं. मला इचारलं बी न्हाय."

माझे कान तापले. बिरुदेव समोर उभा होता, त्याच्याकडंही बघवेना.

तिनं पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "दुरुस्त करून आणा," ती म्हणाली, "मग येते."