नासपतीच्या बुंध्याशी निर्माल्य

आमच्या परसात नासपतीची दोन झाडे होती. लोणावळ्याच्या पावसात ती टिकणार नाहीत असे बहुतेकांनी सांगितले होते. तरीही बारा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीने थोड्या थंडीवर फळ धरणारी जात रोपवाटिकेतून हट्टाने आणली आणि निजायच्या खोलीच्या खिडकीसमोर लावली. सहाव्या वर्षी फळ आले. कठीण, रवाळ, जाड सालीचे. ती त्याचा वेलची घालून मुरांबा करी आणि पहिली वाटी देवापुढे ठेवी.

छाटणी, खत, आळी हे सारे तिच्याकडे होते. माझ्याकडे एकच काम होते, तेही मी मागून घेतलेले. देवपूजेचे निर्माल्य पूर्वी मी इंद्रायणीत सोडीत असे. पुढे गुडघे थकले, नदीचे पाणीही तसे राहिले नाही. कोणाचा पाय पडणार नाही अशी जागा शोधताना नासपतीचे बुंधे मला योग्य वाटले. दगडांचे कडे रचून मी रोज फुले, बेल, तुळशी तेथे ठेवू लागलो आणि अभिषेकाचे पंचामृतमिश्रित पाणी वर ओतू लागलो. दाराजवळच्या झाडाशी अधिक, कारण तेथवर चालणे कमी.

"अहो, खोडापासून हातभर लांब टाका," ती एकदा म्हणाली होती.

"लांब टाकले तर तुडवले जाईल," मी म्हणालो आणि पावित्र्यावर बरेच बोललो. चाळीस वर्षे संस्कृत शिकवल्यामुळे बोलण्यात मी हार जात नसे. ती पुन्हा काही म्हणाली नाही.

गेल्या आषाढात ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पलंगाबाहेरचे तिचे जग दाराच्या उंबऱ्याशी संपले. तिचे औषध, आंघोळ, जेवण आवरता आवरता माझा दिवस सरे आणि झाडांकडे बघायला उरे तो केवळ संध्याकाळचा थोडा वेळ, तोही बसल्या जागेवरून. दिवाळीनंतर दोन्ही झाडांची पाने गळली. ते नेहमीचेच होते. माघात पलीकडच्या झाडाला पांढरी फुले आली. दाराजवळचे तसेच उभे राहिले.

"ते कधी फुलणार?" ती रोज खिडकीतून बघत विचारी.

"यंदा उशीर आहे," मी म्हणे. असत्य मी सहसा बोलत नाही. हे बोललो.

शेवटी मळवलीहून एका गृहस्थाला बोलावले. बंगल्यांच्या बागा राखण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. त्यांनी फांदी वाकवली, ती कडकन मोडली. मग खाली बसून त्यांनी दगड बाजूला केले आणि कुजलेल्या फुलांचा ढीग हाताने ओढून काढला. आंबूस वास आला. बुंध्याची साल ओल्या कागदासारखी सुटून त्यांच्या बोटांना चिकटली.

"आबा, हे कवापास्नं चाललंय?"

"आठ वर्षे झाली असतील."

"रोज दूध, दही, मध. माज्या नातवंडांना बी येवढं न्हाई मिळालं." ते हसले, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. "लय सोवळ्यात ठिवलं तुमी याला. बुंध्याला वारा लागाया हवा. ढीग केला की पावसाचं पानी धरून ऱ्हातं, साल कुजती. चौफेर गेलीया. हे मेलं."

"आणि दुसरे?"

दुसऱ्याची साल एका बाजूने काळी पडली होती. त्यांनी चाकूने कुजका भाग खरवडला, आतले हिरवट लाकूड दिसेपर्यंत, आणि मोरचूद-चुन्याचा लेप दिला. "वाचंल. पन येकट्याला फळ कमी धरंल. यांना जोड लागती."

ते हात धुऊन गेले. मी पायरीवर बसून राहिलो. मी ज्याला सेवा समजत होतो त्या कृतीत एक दिवस खंड पडू दिला नव्हता, तापात देखील नाही. तो विचार मला पुढे नेता येईना. ऊन कलले तेव्हा आत गेलो. ती जागी होती.

"काय म्हणाले?"

"दारापाशीचे झाड गेले," मी म्हणालो. "ते मी मारले. निर्माल्याने साल कुजली. फार दिवसांपूर्वी गेले असावे. तुला सांगायला मला धीर होत नव्हता."

तिने नजर छताकडे वळवली. मी रागाची वाट पाहत होतो. तो आला असता तर मला बरे वाटले असते.

"मलाही पुन्हा सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पण तुमचं बोलणं ऐकून दमायला व्हायचं."

मी तिच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले.

"दुसरं?"

"वाचेल म्हणतात. पण एकट्याला फळ कमी धरते."

"मग जोडीला रोप आणा."

"फळ यायला पाच-सहा वर्षे लागतील."

"लागू देत."

"खड्डा मला खणवणार नाही आता."

"त्यांना सांगा. मेलेल्याचं मूळ पुरतं काढून घ्या, त्या जागी नको, चार हात पलीकडे." ती धापा टाकत थांबली. "आणि माझी उशी जरा उंच करा. कुठे खणतात ते मला इथून दिसलं पाहिजे."

मी उशी उंच केली. तेवढ्यानेही दोघे थकलो. मग फोन शोधायला उठलो.