शेणावरची अळंबी

आमची ही गेली आणि मी बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणायचं सोडलं. रागाने म्हणा. उभा जन्म ऐकत आलो की आत्मा नाही, कायम टिकणारा ‘मी’ नाही. पटलंही होतं. मग महाडच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी दार वाजलं की माझा जीव कुणासाठी वर येत होता? तीस वर्षं ती माझं ताट उचलून मग जेवायला बसली. जेवलीस का, एवढं मी एकदाही विचारलं नाही. कचेरीत आल्यागेल्याला चहा विचारणारा मी. ते विचारायचं राहिलं ते राहिलंच.

श्रावणात तिच्या माहेरी गेलो, पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेवर. मेहुणा मुंबईला, किल्ली माझ्याकडे. दर वर्षी आम्ही तिथे अळंबी काढायचो. आम्ही कसलं, ती काढायची, मी पिशवी धरायचो. वारुळावरची घ्यायची, शेणावरच्यांना हात लावायचा नाही, हा तिचा नियम. या वेळी वारूळ काही सापडेना. तेव्हा गुरं चरतात तिथली चार उचलली आणि तिच्यासारखीच कांदा-मिरचीवर परतली. शहाणा माणूस.

जेवून पायरीवर बसलो. थोड्या वेळाने समोरचा डोंगर श्वास घ्यायला लागला. हिरवा रंग इतका वाढला की डोळे मिटले तरी दिसे. हात बघितला तर तो माझाच का, ते ठरेना. बोटं कुठे संपतात आणि पायरी कुठे सुरू होते, कळेना. स्वतःचं नाव आठवेना. आधी भीती वाटली, मग ती भीती कुणाची, तेही उरलं नाही. खरं सांगतो, फार बरं वाटलं. आणि त्यातच लक्षात आलं की तिची आठवणही येत नाहीये. मीच नाही, तर ती कुणाची गेली? तेव्हा मी हंबरडा फोडला असावा. मला ते बरं वाटणं नको होतं, माझं दुःख परत हवं होतं.

कुणीतरी हात धरला. खरखरीत, ओल्या गवताचा वास असलेला. “काका, मी हाय. हात सोडू नका.” त्या हातापासून माझा हात पुन्हा सुरू झाला. वरच्या वाडीतली बाई होती, डोक्यावरचा भारा वाटेत टाकून आलेली. टोपातली भाजी तिनेच ओळखली, रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुसरी जात असती तर वाचला नसता.

चार दिवसांनी आभार मानायला तिच्या घरी गेलो. विचारलं, “मी काय बडबडत होतो हो?”

“येकच. जेवलीस का, जेवलीस का. मी म्हनलं, जेवले. मंग रडलात नि गप झालात.”

“आणि खरंच जेवला होतात?”

“नाय वो. सकाळपासनं रानातच.” ती हसली.

मी म्हटलं, आज माझ्यासमोर जेवा, मी बसतो. ती लाजली, पण जेवली. भात, कालवण आणि सुकट. मी तिच्या चुलीपाशी बसून बघत राहिलो.

लोक विचारतात, बायको दिसेल म्हणून पुन्हा खाशील का. नाही. मला ती दिसली नाहीच. आता रोज त्रिशरण म्हणतो. ओढ गेलेली नाही, जावी असा हट्टही नाही, तिला घेऊनच शरण जातो. मात्र वंदनेला बसण्याआधी ‘जेवलीस का’, तेवढं तिला विचारून घेतो. उत्तर येत नाही. एकदा आलं होतं, कुणाच्या का तोंडून होईना.